कात्री, सुई की इस्त्री?

लाँड्रीचं शटर वर गेलं की जिन्याखालून हाक येते, "काय नणंदबाई, आज कात्री, सुई की इस्त्री?" नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, ही दुकानाचीच काहीतरी भाषा असेल. वर शिवणकाम, खाली धुलाई, मधे लाकडी जिना. विचारत असतील एकमेकींना काय हवं-नको ते. वाटू दे. प्रत्येकाला सगळं समजावत बसलं तर कपडे कधी द्यायचे लोकांचे?

वर राहते ती टेलरबाई. एकच खोली, खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, आणि त्या टेबलाने उरू दिली तेवढ्या जागेत एक पलंग. खाली तिची वहिनी, लाँड्रीवाली. भाऊ गेल्यापासून त्या घरात या दोघीच. टेलरबाईला जो आजार आहे त्याला डॉक्टरीणबाई बायपोलर म्हणतात. वहिनीने ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला तो बॅटरीचा काहीतरी प्रकार वाटला होता. तशी ती अगदीच चुकली नव्हती म्हणा. कधी टेलरबाई अशी काही चार्ज व्हायची की विचारू नका, आणि कधी बटण दाबून दाबून अंगठा दुखला तरी दिवा म्हणून लागायचा नाही.

कुणाकुणाचे हे चढउतार महिनोन्‌महिने चालतात म्हणे. हिचे भराभर. सकाळी उठावं ते आभाळाला हात लावत आणि दिवेलागणीला भिंतीकडे तोंड करून पडावं, असंही व्हायचं. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडला, पण थांबलं असं नाही. मग दोघींनी मिळून ही तीन नावं पाडली. कात्री म्हणजे चढ. त्या दिवशी जीभ मशीनच्या पुढे पळते, डोक्यात एकाच वेळी सतरा कपडे शिवून तयार होतात, झोप लागत नाही, आणि दिसेल ते कापून त्याचं काहीतरी भन्नाट करावंसं वाटतं. सुई म्हणजे उतार. अंग शिशाचं, मन त्याहून जड. पलंगावरून उठून एक बटण लावलं तरी आज काहीतरी केलं म्हणायचं. आणि इस्त्री म्हणजे सपाट दिवस. वर नाही, खाली नाही. तोच दिवस कापण्याचा.

कापायची मोठी कात्री वहिनीकडे, पिठाच्या डब्यामागे. इस्त्रीचा दिवस असला तरच ती वर जाणार. कात्रीच्या दिवशी कात्री मिळायची नाही, असा हा उफराटा कायदा. टेलरबाई चढात असली की जिन्यात उभी राहून भांडायची, "माझी वस्तू आहे! चोर आहेस तू वहिनी, शुद्ध चोर!" वहिनी खालून ओरडायची, "हो, आहे चोर. बोलव पोलीस. त्यांचेही कपडे माझ्याकडेच येतात." उतार आला की टेलरबाईच रडत माफी मागायची. वहिनी म्हणायची, "ते राहू दे, नाक पूस आधी."

हा कायदा आला कुठून, ते सांगितलंच पाहिजे. टेलरबाईला एक मुलगी. लहानपणी अगदीच ठेंगणी म्हणून घरात तिचं नाव बुटकी पडलं. ती शाळकरी होती तेव्हाची गोष्ट. थंडीची सकाळ, पोरीची शाळेची वेळ झालेली, आणि टेलरबाई रात्रभर न झोपता टवटवीत. खुंटीवरचा पोरीचा कोट तिच्या नजरेला पडला. शी! हा काय कोट आहे? याला लाल अस्तर हवं, टोपी हवी, मोठे खिसे हवेत. घंटा व्हायच्या आत नवा करून देते की! तिने कात्री चालवली ती सरळ पाठीतून. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी. मग लाल अस्तरासाठी पडदा उतरवला. पडदा कापता कापता चादरीचं काहीतरी सुचलं. बुटकी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आई, माझा कोट."

त्याच वर्षी नवरा पोरीला घेऊन दुसऱ्या गावी गेला. त्याला तरी काय बोलायचं? निभावलं त्याने निभावलं तितके दिवस. पोर मोठी झाली, सुट्टीत कधी यायची, मामीकडे खाली बसायची, वर आली की खुर्चीच्या कडेवर टेकायची. पुढे यायचीही कमी झाली. फोन यायचा, "कशी आहेस?" "बरी आहे." "गोळ्या?" "घेते." झालं बोलणं.

आजार एक वेळ परवडला, पण त्याच्यामागून आलेली पहारेकरीण फार वाईट. टेलरबाईने स्वतःवरच पहारा बसवला होता. कुणी विनोद केला आणि हसू आलं की लगेच आत कुणीतरी दरडावायचं, हे जास्त तर नाही झालं? गाणं गुणगुणलं तर, हे कशाचं लक्षण? गल्लीतल्या बायका आधी बोलवायच्या तिला गप्पांना. पण प्रत्येक हसू तपासून घ्यायचं असेल तर माणूस गप्पा काय मारणार? हळूहळू तिनेच जाणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की मापं घ्यायची, तोंड मिटून. गल्लीत नाव झालं, बाई हुशार पण खडूस. खडूस नव्हती हो, घाबरलेली होती. खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसायचा. तिथे उतरणाऱ्या माणसांना न्यायला कोण येतं, कोण नाही, हे ती मशीनवरून बघत बसायची. पार एकटी पडली होती ती.

अशात एके दिवशी बुटकीचा फोन आला. तिला नवी नोकरी लागली होती, दूरच्या एका थंड गावात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, एक कोट शिवशील माझा?"

टेलरबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "विकत मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण खांद्यात बसत नाही एकही."

"डावा खांदा उतरता आहे तुझा. जन्मापासून."

"हो ना? दुकानातल्यांना पटतच नाही. येत्या रविवारी कापड घेऊन येते."

टेलरबाईने फोन ठेवला. सगळं सोडून कोटच मागितला पोरीने! म्हणजे विसरली? की विसरली नाही म्हणूनच मागितला? हा कोट बिघडला तर लेक कायमची गेली, हे तिला लख्ख कळत होतं. त्या दिवसापासून तिने गोळ्यांची वेळ एक मिनिट इकडची तिकडे होऊ दिली नाही. संध्याकाळचा चहा बंद केला. दिवे लवकर मालवून पडायची. वहिनी म्हणाली, "परीक्षेला बसल्यासारखं काय चाललंय तुझं?" टेलरबाई म्हणाली, "परीक्षाच आहे."

रविवारी सकाळी ती उठली आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. छाती धडधडत होती. हात हलके झाले होते, काही धरलं तरी धरल्यासारखं वाटेना. आरशासमोर केस विंचरताना हसू फुटत होतं, आवरता आवरेना. झालं! आजच! नेमका आजच कात्रीचा दिवस उगवला! खालून वहिनीने नेहमीची हाक दिली तर हिने उत्तरच दिलं नाही. उत्तर दिलं तर वहिनी पोरीला सांगणार, आणि पोर जिन्यातूनच परत फिरणार.

बुटकी आली. चांगली उंच झालेली, दारात वाकून आत येणारी बुटकी. एका हातात गर्द निळ्या लोकरी कापडाची पिशवी, दुसऱ्या हातात केकचा खोका. "आई!" म्हणत ती पुढे झाली, आणि टेलरबाईच्या आतून असं काही उसळून आलं की तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड गच्च धरली. हाच तो चढ. याला वाट दिली की संपलं. तिने चेहरा दगडासारखा केला, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "इकडे उभी राहा. उजेडात."

"अगं, आल्या आल्या? बसू तरी दे."

"हात वर. श्वास सोड. सरळ बघ."

छाती, कंबर, पाठ, मुंढा, बाही. टेप सरकत गेली. लेकीच्या केसांना लहानपणीचाच वास येत होता. तो नाकात गेला तेव्हा टेलरबाईने श्वास रोखून धरला. बुटकी गावाबद्दल सांगत होती, खोली कशी मिळाली ते, खिडकीतून म्हणे टेकडी दिसते. टेलरबाईने एका शब्दाने विचारलं नाही. खडूने मापं टेबलाच्या कडेवर लिहिली आणि म्हणाली, "झालं. आता निघ. दुपारची बस मिळेल."

"आई, मी मुक्कामाला आले होते."

"नको. आज नको."

बुटकीने कापडाची पिशवी टेबलावर ठेवली. "मला बघून तुला जरासुद्धा आनंद झाला नाही का गं?"

टेलरबाईने ओठ मिटून घेतले. तोंड उघडलं असतं तर काय काय बाहेर पडलं असतं, याचीच तिला धास्ती.

"बरं," बुटकी म्हणाली. "कोट राहू दे. कापडाचं कर काहीतरी. मी विकतचाच घेईन." केकचा खोका तसाच टेबलावर ठेवून ती जिना उतरली. खिडकीतून तिची पाठ दिसली, डावा खांदा थोडा खाली. बस आली आणि ती गेली.

थोड्या वेळाने वहिनी धाडधाड जिना चढून आली. "काय केलंस तू पोरीला? डोळे पुसत गेली!"

"वहिनी, कात्रीचा दिवस होता गं. छाती धडधडत होती, हात हलके झालेले, सारखं हसू येत होतं. कसंबसं दाबून धरलं मी सगळं."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल झोपलीस?"

"झोपले."

"नीट?"

"हो. उजाडेपर्यंत."

"डोक्यात विचार पळत होते? हे कापू, ते शिवू?"

टेलरबाईने आठवून पाहिलं. "नाही. काहीच कापावंसं वाटलं नाही."

"आत्ता येतंय हसू?"

"आत्ता कुठलं हसू!"

वहिनी पलंगावर मटकन बसली. "अगं वेडे! ती कात्री नव्हे. पोर आली होती! आनंद झाला होता तुला. सगळ्या जगाला होतो तसा, नुसता आनंद. मला पण होत होतं तसंच सकाळपासून, दोन शर्टांच्या कॉलरी जाळल्या मी."

इतकी वर्षं तीन नावांवर दिवस काढले. चौथं नाव ठेवायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. "मला कसं कळायचं गं ते?" ती म्हणाली. "सुरुवात सारखीच असते." वहिनीने केक कापला, एक तुकडा हिच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. दोघींपैकी कुणालाच तो गिळवेना.

मग उतार आला, आणि आला तो सगळं घेऊन. टेलरबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास वर यायचा, गिऱ्हाइकांचे आवाज यायचे, कुणीतरी हसायचं, आणि ते सगळं दुसऱ्याच कुठल्या गावात चाललंय असं वाटायचं. वहिनी ताट ठेवून जायची. "एक बटण," ती म्हणायची. "एकच लाव. मग नीज." टेलरबाई उठून एक बटण लावायची आणि पुन्हा पडायची. मधेच एका सकाळी वारं भरलं, ती भराभरा खोली आवरू लागली, निळं कापड उलगडून त्याचा कोट, टोपी आणि जमलं तर पिशवीही करायचं तिच्या डोक्यात आलं. जिन्यात येऊन कात्री मागितली. वहिनी म्हणाली, "मिळणार नाही." "चोर!" "हो." दिवे लागेपर्यंत वारं उतरलं होतं.

आणि मग एक सकाळ सपाट उगवली. खिडकीतलं ऊन ऊनच दिसत होतं, त्याहून जास्त नाही, कमी नाही. हाक आली, "कात्री, सुई की इस्त्री?" टेलरबाईने जरा थांबून, स्वतःला चाचपून म्हटलं, "इस्त्री." वहिनी कात्री घेऊन वर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच बसून राहिली.

टेलरबाईने कापड पसरलं. खडूने रेघा मारल्या. डावा खांदा किंचित उतरता घेतला. शिवणीच्या रेघेबाहेर ती माया सोडत गेली. पुढे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून आत जास्तीचं कापड राखतात, टेलर लोक त्याला मायाच म्हणतात. एरवी बोटभर पुरते. तिने भरपूर सोडली. वहिनी तिथून म्हणाली, "बाई, कापड पुरेल ना?" "पुरेल." कात्री एका लयीत चालली, कुठे अडली नाही. तुकडे कच्च्या टाक्यांनी जोडून झाले, कॉलर बसली, अस्तर बेतून झालं. आणि तिथे काम अडलं. कोटाला ट्रायल लागते. अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारता येत नाही, आणि ज्या अंगावर घालायचा ते अंग रागावून गेलेलं.

"कर फोन," वहिनी म्हणाली.

"चांगला दिवस बघून करते."

चांगला दिवस काही येईना. बुटकीची जायची तारीख मात्र जवळ येत चालली. शेवटी एका सुईच्या दिवशीच, पलंगावर पडल्या पडल्या, टेलरबाईने फोन लावला.

"कोट ट्रायलला आलाय. ये."

"आई, राहू दे म्हटलं होतं ना मी?"

"त्या दिवशी मला आनंद झाला होता. मला तो ओळखता नाही आला."

पलीकडे कुठेतरी रहदारीचा गोंगाट. "काय? ऐकू नाही आलं. परत सांग."

एकदा बोलायलाच सगळा जीव गोळा केला होता. आता परत? टेलरबाई भिंतीला धरून उठून बसली. "मला आनंद झाला होता!" ती ओरडली. "तू आलीस म्हणून! मला वाटलं, आजारच आहे तो! म्हणून घालवलं तुला!" खाली लाँड्रीत गिऱ्हाइकं गप्प झाली. वहिनी त्यांना म्हणाली, "तुमचं काय आहे इथे? पावत्या दाखवा आपापल्या."

फोनवर बुटकीने नाक ओढलं. मग म्हणाली, "येते."

ती आली तोही दिवस सुईचाच निघाला. वहिनीने तिला खालीच गाठून कात्री, सुई, इस्त्री सगळं सांगितलं होतं. टेलरबाई उठली, तोंडावर पाणी मारलं, पण चेहरा काही जागा होईना. "आज सुई आहे," ती म्हणाली. "हसता यायचं नाही मला. राग मानू नकोस."

"नाही मानत. मामी बोलली मला."

कोट अंगावर चढवला. टेलरबाई गुडघ्यांवर बसून खालची कड टाचण्या लावून बेतत होती, दर थोड्या वेळाने थांबत होती. बुटकीने बाजूची शिवण बोटांनी चाचपली. "आई, एवढी माया कशाला ठेवलीस?"

"तू जाड झालीस तर."

बुटकी खळखळून हसली. टेलरबाईला हसू आलं नाही, आतून काही उसळलंही नाही. पण तिचा हात लेकीच्या डाव्या खांद्यावर गेला, आणि ट्रायलला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तिथेच राहिला. बुटकीही हलली नाही.

ती मुक्कामाला राहिली. पलंग अरुंद म्हणून कापायच्या टेबलावर गादी टाकून झोपली, पाय बाहेर लोंबत होते, तर वहिनी म्हणाली, "बुटकीला टेबल पुरेना, काय दिवस आले!" टेलरबाई एक शिवण मारायची, बसायची, दुसरी मारायची. काजं बुटकीने आईच्या देखरेखीखाली केली, वेडीवाकडी. वहिनीने कोटाला इस्त्री मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी बुटकी भर उन्हात तो लोकरी कोट घालून बसस्टॉपवर उभी राहिली, घामाघूम. वहिनी पोचवायला गेली. वर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत टेलरबाई उभी होती. तिच्याच्याने हातसुद्धा नीट हलवला गेला नाही. बस गेल्यावर ती पडून राहिली, आणि खोली पुन्हा होती तेवढीच मोठी झाली.

दुसऱ्या सकाळी ती जागी झाली तेव्हा छाती धडधडत होती. हात हलके. ती दचकून उठून बसली. झोपले का? झोपले. जेवले का? वहिनीने भरवलं तेवढं. काही कापावंसं वाटतंय? तिने टेबलाकडे बघितलं. निळ्या कापडाचे बारके तुकडे पडले होते, गादीवर एक लांब केस होता. काहीच कापावंसं वाटत नव्हतं. ते सगळं तसंच राहावं एवढंच वाटत होतं. रिकाम्या खोलीत तिला हसू यायला लागलं, आणि या खेपेला तिने ते येऊ दिलं.

शटर वर गेलं. "काय नणंदबाई, आज कात्री, सुई की इस्त्री?"

टेलरबाई जिन्याच्या तोंडाशी आली. "पोर आली," ती म्हणाली.

वहिनीनेच काल त्या पोरीला बसमध्ये बसवून दिलं होतं. तिने खाली बोटांवर मोजलं, कात्री, सुई, इस्त्री आणि हे चौथं. मग म्हणाली, "बरं. थांब, चहा घेऊन वर येते."